डॉब्सन सर, तुमच्या आजानं आठ वर्षं उशीर केला

सर, तुमी गेले त्याला आज अकरा दिवस झाले, अन् गावात तुमच्याबद्दल कुणी वाईटच बोलंना झालंय. लई बेजार झालोय. काल सायकलच्या दुकानातला आपला गफार म्हणतो, "सर म्हणजे देवमाणूस होते." मी म्हणलं, "तुला टायपिंगच्या परीक्षेत तीसच्या स्पीडला तीनदा बसवलं, पट्टीनं बोटं सोलली, तवा देव कुठं गेलता?" तर कानाला हात लावून म्हणतो, "शिवा, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाई." तुमी तिथं असते तर म्हणले असते, नॉनसेन्स, मेलेला माणूस उलटून बोलत न्हाई, बोलायची खरी वेळ हीच हाय.

तर बोलतो. सवयीनं मध्ये तोंड घालू नका.

पहिलं म्हणजे तुमी देवमाणूस नव्हते. तुमी एक खडूस, फटकळ, गर्विष्ठ म्हातारे होते. अंबाजोगाईत जुन्या छावणीकडच्या गल्लीत एका खोलीत नऊ टाइपरायटर मांडून बसायचे, अन् मे महिन्यात बी गळ्याचं बटन लावायचे. समोर कॉम्प्युटरचा क्लास निघाला, काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा, पोरं तिकडं पळायला लागली. तुमी खिडकीतून बघायचे अन् म्हणायचे, "ते मशीन तुमची चूक गिळून टाकतं. माझं मशीन चूक दाखवतं." खोडरबर घेऊन आलेल्या पोराला तुमी जिना दाखवायचे. एक अक्षर चुकलं की अख्खं पान नव्यानं.

अन् राग आला की आमाला "नेटिव" म्हणायचे. आमी गपचूप एकमेकाकडं बघायचो. रंगानं तुमी माझ्यापरीस दोन बोटं काळे. पायात तीच टायरची चप्पल. सकाळी ठेचा-भाकर खाऊन आलेले, ते तोंडाच्या वासावरून पहिल्या बाकापर्यंत कळायचं. डोळे तेवढे घारे. त्या दोन घाऱ्या डोळ्यांवर तुमी अख्खं इंग्लंड चालवत होते.

मी तुमची नक्कल करायचो. गावातल्या कुणाची करत नव्हतो? पण तुमची हुकमी होती. दोन्ही हातांनी चष्मा सरळ करायचा, नाकानं श्वास सोडायचा, अन् मग, "नाऊ, फिंगर्स!" पोरं लोळायची. एक दिवस तुमी दारात उभं राहून सगळी नक्कल बघितली. मला वाटलं आता पट्टी बसणार. पण पट्टी बसली असती तर बरं झालं असतं. तुमी सगळ्या पोरा-पोरींसमोर एकदम शांतपणे म्हणले, "शिवलिंग, तुझा बाप साबण विकतो. तू त्या साबणाचा फेस हाईस. वर येतो, चमकतो, फुटतो."

क्लास हसला. गफार तर बाकाखाली गेला. मी बी हसलो, नकला करणाऱ्याला हसावंच लागतं. पण पुढं वर्षभर मला गावात "ए फेस" म्हणून हाक मारत होते. बापाच्या दुकानात बसलो तरी गिऱ्हाईक विचारायचं, "साबण दे, फेस नको." तुमी बोलून विसरले. मी न्हाई विसरलो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते खामखा केलं असं वाटायला नको.

तुमच्या घराण्याची गोष्ट आमाला सगळ्यांना पाठ होती, कारण तुमी सरावाला तोच उतारा द्यायचे. निजामाच्या राज्यात इथं घोडदळाची छावणी होती. एडवर्ड डॉब्सन नावाचा गोरा, घोड्यांचा डॉक्टर, मद्रासहून इथं आला. त्यानं इथलीच बायको केली. तिचं नाव तुमच्या घरात कुणी कधी सांगितलं न्हाई. त्यांना जोसेफ झाला. जोसेफ तुमचा आजा. त्याची जन्मतारीख तुमच्या घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली, अन् ती तारीख मी शंभरदा तरी टाइप केली असंल. मग तुमचा बाप, मग तुमी. तुमच्यापुढं कुणी न्हाई, कारण तुमी लग्नच केलं न्हाई. कावून म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आमच्या तोलामोलाचं इथं कुणी न्हाई." जसं काय राणीच्या घरून स्थळ येणार होतं अन् फाट्यावर एस्टी चुकली.

अन् खरंच तिकडून एक दिवस पाकीट आलं. निळं, कडेला पट्टे असलेलं, ऑस्ट्रेलियाचं. मार्गारेट नावाची बाई. एडवर्डच्या सख्ख्या भावाच्या वंशातली. ती डॉब्सन घराण्याची वंशावळ पुस्तकात छापणार होती, अन् तुमचा पत्ता तिला हैदराबादच्या कुठल्या तरी चर्चमधून लागलता. तिनं वंशावळीचा तक्ता बी पाठवला. एडवर्डच्या नावाखाली एक तुटक रेघ, रेघेखाली तुमचा आजा जोसेफ, अन् जोसेफच्या पुढं प्रश्नचिन्ह. तिनं लिहिलतं, एडवर्ड कधी मेला, त्याला बायकापोरं होती का, याचा काही पुरावा असला तर पाठवा. न्हाईतर ही फांदी छापता येणार न्हाई.

तुमी तो तक्ता काच लावून भिंतीवर टांगला. डस्टरनं रोज पुसायचे. त्या दिवसापासून तुमाला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. ते प्रश्नचिन्ह निघालं पाहिजे.

आता पुरावा आणायचा कुठून? एडवर्ड गोऱ्यांच्या कब्रस्तानात पुरलेला, अन् कब्रस्तानात एक दगड शिल्लक नव्हता. दगड कुठं गेले ते गल्लीतल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक. छावणी उठली, गोरे गेले, अन् आपल्या बायांना धुणं धुवायला असे सपाट, घडीव, बसकट दगड दुसरीकडं कुठं मिळणार होते? ज्याच्या त्याच्या मोरीत, आडाजवळ एकेक साहेब नाहीतर मडम जाऊन पडली.

म्हणून दर रविवारी चर्च उरकलं की तुमची वरात निघायची. पुढं तुमी, मागं पहार घेऊन आमी दोघं-तिघं, कारण तुमच्याबरोबर आलं की आठवडाभर उशीर माफ. एकेका घराची कडी वाजवायची.

"ताई, जरा दगड पलटी करायचा होता."

"कावून?"

"खाली माझा पणजा असंल."

"अगं बया! इथं ढीगभर धुणं पडलंय. पणज्याला म्हणावं दुपारून ये."

पण दुपारी पलटी करू द्यायच्या. बायका तुमाला हसायच्या अन् चहा बी करायच्या. तुमच्याजवळ ती टायपिंगवाल्याची युक्ती होती. दगड धुवायचा, पुसायचा, त्यावर पातळ टायपिंगचा कागद पसरायचा, अन् वापरून झालेला कार्बन घेऊन बोटानं हळूहळू घासायचा. दगडावर डोळ्याला काही दिसत नसलं तरी कागदावर निळी अक्षरं वर यायची. मी तुमची लई टिंगल केली, पण ती अक्षरं वर येताना मी बी श्वास धरायचो, हे कबूल करतो.

नूरजहाँ खालाकडं दगड पलटायची गरजच पडली न्हाई. "मास्तर, अपने पत्थर पे तो उप्परच लिखेला है. कॉलर का मैल अच्छा निकलता." तीन महिन्यांची एक पोर होती त्या दगडाखालची. तिच्या नावावर खालाच्या सासूनं, खालानं अन् खालाच्या सुनेनं घरातल्या सगळ्या गड्यांच्या कॉलरी घासल्या. तुमी गुडघ्यावर बसून कार्बन घासला. नावातलं अर्धंच वर आलं. तुमी बराच वेळ उठले न्हाई. मला वाटलं रडतेत का काय. मग उठून खालाला म्हणले, "सोडा कमी वापरत जा."

चार वर्षं हे चाललं. एका कप्तानाची बायको सापडली. दोन शिपाई सापडले, त्यातला एक पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्याला. एडवर्ड काही सापडला न्हाई. आमच्या घरी बी तुमी आलते, पण आमचा दगड माझ्या आजोबानं सिमेंटात पक्का बसवलेला. आई म्हणली, "सर, हा निघायचा न्हाई. निघाला तर मोरी निघंल." तुमी आमच्या दगडावर दोन बोटं ठेवून, मान हलवून गेले.

मग त्या साली बापाला दुकानात बरकत आली अन् त्यानं वॉशिंग मशीन आणलं. गल्लीतलं पहिलं. आई समोर पाट घेऊन बसायची अन् काचेतून फिरणारे कपडे बघायची, घरात पूजा चालू असल्यासारखं. त्या मशीनला जागा करायला मिस्त्रीनं मोरी फोडली, सिमेंट तोडलं, अन् आमचा दगड पलटी झाला. घरी मी एकटाच होतो. खाली चिखलात अक्षरं दिसली. तांब्यानं पाणी मारलं.

एडवर्ड डॉब्सन. घोड्यांचा डॉक्टर. वय सव्वीस. मद्रासहून छावणीत रुजू झाला अन् दोन महिन्यांत पटकीनं मेला. दगड बसवला होता आईबापांनी. बायकोचं नाव न्हाई, पोराचं न्हाई. खाली तारीख.

मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. तुमचा आजा जन्मायच्या आठ वर्षं आधी तुमचा पणजा मेलता.

सर, तुमचा क्लास आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी पळत यायला पाहिजे होतं. मिस्त्री म्हणला, "काय लिहिलंय बे?" मी म्हणलं, "काही न्हाई." अन् तिथंच, ओल्या मोरीत उभं राहून, माझा नकलेचा आयटम तयार व्हायला लागला. गणपतीचा कार्यक्रम चार दिवसांवर होता.

तुमाला पत्रिका मी स्वतः आणून दिली. "सर, नक्की या. तुमच्यावर आयटम हाय." तुमी वर बघितलं न्हाई, पण खूश झालते, कारण "फिंगर्स!" जरा जास्तच जोरात ओरडले. अन् आले बी. कोट घालून, पहिल्या रांगेत, नगरसेवकाच्या शेजारी. मी चष्मा सरळ केला, नाकानं श्वास सोडला, अन् माईकवर म्हणलं, "लेडीज अँड नेटिव्स!" तिथंच टाळ्या. तुमी बी हसले. मान डोलवून हसले, जसं काय आपल्याच पोराची नक्कल बघायलेत.

मग मी ते म्हणलं. तुमच्याच आवाजात.

"आमचं घराणं लई शिस्तीचं. माझे पणजोबा एडवर्ड साहेब वारले. दुसरा कुणी असता तर गडबडीत जन्मला असता. पण माझा आजा डॉब्सन होता! त्यानं आठ वर्षं वाट बघितली. सगळं नीट तपासलं. चूक एक बी न्हाई. मगच जन्मला!"

मंडप फुटायचा राहिला. मागची पोरं खुर्च्यांवर चढली. लोकांना अर्धं कळलं, अर्धं न्हाई, पण माझ्या तोंडावरून हसायची जागा कळली अन् ते हसले. अन् त्या हसण्यात तुमी उठून उभे राहिले. शिव्या द्याल, चप्पल काढाल, काय तरी कराल, मी तयार होतो. तुमी फक्त विचारलं, "कोणत्या दगडावर हाय?"

एवढंच. पुजाऱ्याला देऊळ कुठं विचारावं तसं.

अन् मी काय केलं? मी माईक सोडला न्हाई. तुमच्याच आवाजात उत्तर दिलं, "शिवाच्या मोरीत, सर! साबणाच्या फेसाखाली!"

लोक पडले हसून. त्यांना वाटलं आपण दोघांनी बसवलेलं हाय. तुमी खाली बसले. कार्यक्रम संपेपर्यंत बसले, कारण पाहुण्यांना शेवटी नारळ देणार होते. तुमी नारळ घेतला. "थँक्यू" म्हणले. मला पहिला नंबर मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमी आमच्या दारात. हातात कागद अन् कार्बन. आईला रात्रीच सगळं कळलतं. तिनं दगड आडाजवळ भिंतीला टेकवून उभा केलता, धुतलता, अन् त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलते. आमच्या घरात मेलेल्या माणसाचं जे करतेत ते तिनं एडवर्डचं बी केलं. मी कोपऱ्यात दात घासत उभा.

आई म्हणली, "सर, मला ठाऊक नव्हतं हो. इतकी वर्षं मी एका माणसाच्या छातीवर धोपटणं आपटलं. आमच्यात बी पुरतेत. मला कळायला पाहिजे होतं."

तुमी म्हणले, "ताई, तुमी त्याला स्वच्छ ठेवलं. आमी त्याला शोधलं बी न्हाई धड."

मग तुमी कागद लावला. नाव आलं, वय आलं, मद्रास आलं. तारखेवर तुमचं बोट इतकं दाबलं की कागद फाटला. तुमी दुसरा कागद घेतला अन् परत पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. आईनं चहा दिला, तुमी पूर्ण पिला. जाताना माझ्याकडं न बघता म्हणले, "माकडा, अकराला क्लासला ये."

अकराला गेलो तर तुमी मशीनमधून कागद काढला अन् माझ्या हातात दिला. "चुका शोध."

मार्गारेटबाईला पत्र होतं. एडवर्ड अमुक तारखेला मेला. बायको किंवा मूल असल्याचा उल्लेख दगडावर न्हाई. माझ्या आजोबांचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. तेव्हा जोसेफपासूनची फांदी आपल्या तक्त्यातून काढून टाकावी. सोबत दगडाची नक्कल. खाली तुमची सही, वळणदार.

"सर, हे पाठवू नका."

"चूक सापडली का?"

"न्हाई, पण..."

"मग पाकीट दे."

"अहो, तारीख झिजलीय म्हणून लिहा की! ती बाई काय ऑस्ट्रेलियाहून आमच्या मोरीत डोकवायला यायलीय का?"

"काल भर मंडपात तू आठ वर्षं मोजली ती याच तारखेवरून ना? मग एका रात्रीत झिजली कशी?"

"ती गंमत होती, सर."

"गंमत होती. पण बेरीज बरोबर होती तुझी. पहिल्यांदाच."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण जीभ माझी. "मग तुमचा आजा कुणाचा?"

तुमी खिडकीतून समोरच्या कॉम्प्युटर क्लासकडं बघत होते. "दुष्काळातलं पोर असंल. पाद्र्याकडं आणून टाकलेलं. बाप्तिस्म्याला नाव तर लागतंच. पाद्री फिरत फिरत कब्रस्तानात गेला असंल, एक चांगलं वाटलं असंल, दिलं." अन् मग चष्मा सरळ करून म्हणले, "लोकांनी दगड नेले. पाद्र्यानं नाव नेलं."

"तरी बी सर, काय बिघडतं? एक फांदी छापली तर त्या झाडाचं काय जातं?"

"शिवलिंग, मला प्रश्नचिन्ह काढायचं होतं. निघालं."

सर, ही आपली तकरार अजून मिटलेली न्हाई. मी आज बी म्हणतो, तुमी खोटं लिहायला पाहिजे होतं. एक ओळ. चार वर्षं बायांच्या मोऱ्यांत गुडघे झिजवलेल्या माणसाला एक खोटी ओळ माफ होती. तुमी हट्टानं खरं लिहिलं, अन् त्या खऱ्याला वाचा मी फोडली, हे मला रोज पचवायला ठेवून गेले. ही कुठली शिक्षा? त्यापरीस पट्टी मारायची.

तिकडून उत्तर आलं दोन ओळींचं. आभार, आपल्या माहितीमुळं एडवर्डची नोंद पूर्ण झाली, दगडाचा एक फोटो मिळाला तर बरं. तुमी फोटोवाल्याला घेऊन आले. दगड एकटा उभा राहत नव्हता, म्हणून आईनं कडेनं धरला.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागद. एडवर्डचं अख्खं पान, त्यावर आमचा मोरीतला दगड, कपाळावर विभूती, कडेला आईच्या चार हिरव्या बांगड्या. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की फोटो एका स्थानिक गृहस्थाच्या सौजन्यानं. नाव न्हाई. डॉब्सन घराण्याच्या पुस्तकात नसलेल्या माणसाचं आडनाव डॉब्सन कसं छापणार?

तुमी मला ते वाचून दाखवलं. "लोकल जंटलमन," तुमी म्हणले.

मी म्हणलं, "लोकल न्हाई सर. नेटिव."

बोललो अन् मीच गार पडलो. तुमी माझ्याकडं बघितलं. मग तुमचं पोट हलायला लागलं. मग खांदे. तुमी असे हसले, असे हसले की खोकला लागला, डोळ्यातून पाणी, मी पाठ थोपटायलोय अन् हसायलोय, अन् मशीनवर डोकं टेकवून तुमी म्हणायलेत, "नेटिव! माकडा, नेटिव!" त्या खोलीत इतकी वर्षं आपण एकमेकाला हसलो. एका गोष्टीला बरोबर हसलो ते तेवढं एकदाच.

त्यानंतर तुमी आमाला तो शब्द कधी वापरला न्हाई. चुकलो की नुसतं "गाढवा" म्हणायचे. मला त्याचं काय बी समाधान वाटलं न्हाई, खरं सांगतो. मी एकदा विचारलं, "सर, क्लासच्या पाटीवरचं डॉब्सन नाव बदलायचं का?" तर तुमी म्हणले, "बदलून काय लिहू?"

माफी मी मागितली न्हाई. रोज येत होतो, चहा पीत होतो, मशीनला तेल घालत होतो, पण तो शब्द निघाला न्हाई. घरी आरशासमोर तुमचा आवाज काढून म्हणून बघितलं, "जा, माफ केलं, माकडा." हुबेहूब जमलं. आईनं आतून विचारलं बी, "सर आलेत का रे?" पण आपलीच माफी आपणच द्यायची, त्यात काय राम.

मग तुमचा दमा वाढला. गफारनं लुनावर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमी गेले. बडबड न करता गेले, ते तुमाला शोभलं न्हाई.

खरी मजा पुढं झाली, ती तुमाला सांगायची राहिली. दवाखान्याच्या खिडकीत क्लार्क बसलता. भला माणूस होता, आवाज बी चढवला न्हाई.

"नातेवाईक कोण?"

"मी."

"नातं?"

"विद्यार्थी."

"विद्यार्थी हे नातं नसतं, बाळा. रक्ताचं कोण हाय?"

मी मागं वळून बघितलं, मागं नुसता गफार. क्लार्क म्हणला, "कुणीच पुढं आलं न्हाई तर बेवारस धरावं लागतंय. अन् बेवारस म्हणजे थांबून थांबून शेवटी शिकाऊ डॉक्टरांच्या टेबलावर." गफार तिथंच खाली बसला.

मला काय सुचलं ठाऊक हाय? मी म्हणलं, "साहेब, यांचं घराणं ऑस्ट्रेलियात हाय. डॉब्सन. लई मोठं घराणं. पुस्तक छापलंय त्यांच्यावर."

"असं?" क्लार्कनं पेन उचललं. "मग तसं लिहू. नातेवाईक परदेशात. त्यांना कळवा, त्यांची लेखी परवानगी आणा. ती आली की बॉडी तुमच्या ताब्यात."

सर, त्याचं पेन कागदावर टेकलतं. मी "हो" म्हणलं असतं तर सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी लिहिलं गेलं असतं की तुमाला नातेवाईक हायेत अन् ते डॉब्सन हायेत. तुमाला जे पाहिजे होतं तेच. पण मग ती परवानगी येईपर्यंत तुमी तिथं बर्फात पडून राहिले असते, महिना, दोन महिने. अन् ती आली असती का? ज्या बाईला तुमीच लिहून दिलतं की आमी तुमचे न्हाई?

"न्हाईतर?" मी विचारलं.

"न्हाईतर तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करा. मयताला कोणीही नातेवाईक न्हाई, अंत्यविधी आम्ही करतो. दोघांच्या सह्या."

गफार खालून म्हणला, "बे शिवा, चल की. सरांला थंडी वाजत असंल."

तहसीलसमोर झाडाखाली टाइप करणारा तुमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं कागद चढवला. मी सांगत गेलो, तो बडवत गेला. मयत अमुक, राहणार अंबाजोगाई, धंदा टायपिंग शिकवणे. "मयतास रक्ताचे कोणीही नातेवाईक नाहीत."

त्याचे हात थांबले. "कोणीही?"

"कोणीही."

त्यानं टाइप केलं. आत साहेबासमोर गेलो. साहेब म्हणले, "वाचून दाखवा, मग सही करा." मी वाचलं. गणपतीच्या मंडपात माईकवर जे सांगितलतं, तेच. खोलीत सहा-सात माणसं होती. कुणी वर बघितलं न्हाई. मी सही केली, गफारनं केली.

हेच तुमी ऑस्ट्रेलियाला लिहून कळवलं तवा तुमाला दोन ओळींचे आभार आले. मी लिहून दिलं तर मला तुमी मिळाले. दवाखान्यातून उचलताना गफारनं पाय धरले, मी डोकं धरलं, नूरजहाँ खालाच्या नातवानं मधी हात घातला. लई जड निघाले तुमी, सर.